घाईचे अवजार घरचे, सवडीचे भाड्याचे

मृगाचा पाऊस पडतो, काळ्या रानात वीतभर ओल उतरते, मग ऊन पडते आणि वापसा, म्हणजे पेरायला योग्य ओल, येतो. हा वापसा टिकतो जेमतेम दोन-तीन दिवस. त्याआधी ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली ओली माती दबते. त्यानंतर घातला तर वरची ओल उडालेली असते आणि बी कोरड्यात पडते. या दोन-तीन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला एकच वस्तू हवी असते, ती म्हणजे पेरणी यंत्र. मराठवाड्यातल्या कुठल्याही सोयाबीनच्या गावात त्या दिवशी चक्कर मारली तर दारोदार माती कापून भुसभुशीत करणारे रोटाव्हेटर उभे दिसतील. पेरणी यंत्रे मात्र मोजकी, आणि प्रत्येकामागे लागलेले नंबर. ज्याचा नंबर चौथ्या दिवशी येतो तो चौथ्या दिवशीच पेरतो, मग ओल असो वा नसो.

मला यात मोठी चूक दिसते, आणि ती एकट्या शेतकऱ्याची नाही. ज्या कामाला घाई असते त्याचे अवजार हाताशी हवे. ज्या कामाला महिना-दीड महिन्याची सवड असते त्याचे अवजार भाड्याने आणले तरी काही बिघडत नाही. आपण नेमके उलटे करून बसलो आहोत. उन्हाळ्यात सवडीने करायच्या मशागतीचे महागडे यंत्र विकत घेतो आणि दोन दिवसांत उरकायच्या पेरणीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहतो. अनुदानाच्या योजनांनी हा उलटा क्रम सरळ करायला हवा होता. त्यांनी त्यालाच बळ दिले.

आधी हिशेब पाहू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिवाटीचे क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. देशाची सरासरी १.०८ हेक्टर. ही सरासरी झाली, कित्येकांकडे त्याहून कमी आहे. आपण सढळ हाताने चार एकर धरू. समजा पाच फुटी रोटाव्हेटर १ लाख २० हजारांना पडला आणि अनुदान ४० हजार मिळाले. खिशातून गेले ८० हजार. दहा वर्षे चालला तर वर्षाला ८ हजार झीज. गुंतलेल्या पैशावर सरासरीने १२ टक्के व्याज धरले तर वर्षाला आणखी ४ हजार ८०० रुपये. पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ३६ पाती असतात. मुरमाड रानात ती लवकर झिजतात, बदलावी लागतात. वंगण, बेअरिंग, जॉइंटचे क्रॉस हे वेगळे. म्हणजे वर्षाला १५ हजारांपर्यंत खर्च गेला, आणि यात ट्रॅक्टर नाही, डिझेल नाही, चालकाची मजुरी नाही. आता भाड्याचे बघा. एकरी १ हजार २०० रुपये दराने चार एकरांवर वर्षातून दोन वेळा रोटाव्हेटर फिरवला तर ९ हजार ६०० रुपये, आणि त्यात ट्रॅक्टर, डिझेल, चालक सगळे आले. दर गावोगाव वेगळे असतील, आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चार एकरांवर मालकीचा रोटाव्हेटर परवडतो असे उत्तर कुठूनही येत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून अवघड आहे. ट्रॅक्टरचा ताशी खर्च काढताना अभियंते वर्षाला साधारण १,००० तास वापर गृहीत धरतात. चार एकरांत नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळे ट्रॅक्टरनेच करायचे म्हटले तरी वर्षाला चाळीस-पन्नास तासांवर काम निघत नाही. उरलेले तास भाड्याची कामे आणि ट्रॉलीची वाहतूक भरून काढतील, या भरवशावर कर्ज घेतले जाते. एका गावात चार ट्रॅक्टर असताना तो भरवसा खरा ठरतो. चाळीस झाले की सगळे एकमेकांचे दर पाडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. किंमत कमी झाली म्हणून चार एकरांतले कामाचे तास मात्र वाढत नाहीत.

मग लोक रोटाव्हेटरच का घेतात? शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून, असे उत्तर देणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोटाव्हेटर एका फेरीत रान तयार करून देतो. नांगरट, मोगडणी, वखरपाळी हे सगळे टप्पे बैलांवर करायला आता बैल नाहीत, सालगडी नाही, आणि घरातली तरुण पोरे पुण्या-मुंबईला. एक फेरी, डोळ्यांना दिसणारे भुसभुशीत रान, काम संपले. त्यात तो भाड्याने फिरवता येतो असे विक्रेता सांगतो. आणि अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज करताना तो यादीत सगळ्यांच्या ओळखीचा असतो. ट्रॅक्टर आला की ट्रॉली आणि रोटाव्हेटर येणारच, अशी आता रीतच पडली आहे.

सरकारनेही हीच रीत मान्य केलेली दिसते. अनुसूचित जातींच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी समाजकल्याणाची एक योजना आहे: ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने, ९० टक्के अनुदान, कमाल ३ लाख १५ हजार रुपये. योजनेचा हेतू मोलाचा आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि भांडवल दोन्ही नाकारले गेले त्यांच्या हातात यंत्र जावे, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण उपसाधने म्हणून काय, तर कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. पेरणी यंत्र नाही. कोळपणीचे, म्हणजे ओळींतले तण काढायचे अवजार नाही. फवारणी पंप नाही. मिनी ट्रॅक्टरची खरी ताकद पिकाच्या ओळीत शिरण्यात आहे. रान फोडायला त्याच्यात दम कमी पडतो. तरी जोडीला दिले ते रान फोडायचेच साधन. एखाद्या बचत गटाकडे चार ओळींचे पेरणी यंत्र असते तर जूनच्या त्या दोन-तीन दिवसांत सगळा गाव त्यांच्या दारात आला असता.

आता मातीकडे वळू, कारण अवजाराची निवड शेवटी तिथेच तपासली जाते.

रोटाव्हेटरची पाती चार ते सहा इंच खोल जातात आणि माती फिरवून कापतात. दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरत राहिली की त्यांच्या खाली मातीचा घट्ट थर बसतो. ट्रॅक्टरचे वजन त्याला आणखी दाबते. हे खरे की खोटे, कुणाच्या सांगण्यावर ठेवू नका. चांगला पाऊस झाल्यावर, माती ओली असताना, बोटाएवढ्या जाडीची टोकदार सळई घ्या आणि उभी दाबा. पहिले पाच-सहा इंच ती हाताच्या जोराने सरळ आत जाते, मग एकदम अडते. अंगाचा भार टाकावा लागतो. आणि तो थर फुटला की पुन्हा सहज सरकते. तेवढ्या अंतरात तुमच्या रानाची अडचण बसलेली आहे. मूळ तिथेच वळते. उपटलेल्या तुरीचे किंवा कपाशीचे सोटमूळ काटकोनात आडवे गेलेले दिसले तर सळईचीही गरज नाही. जोराचा पाऊस झाला की पाणी त्या थरावर साचते, पिके पिवळी पडतात. पावसाने ओढ दिली की खालची ओल मुळांना पोचत नाही. एकाच हंगामात एकाच रानाला ओला आणि सुका असे दोन्ही मार बसतात.

वरच्या थराचे आणखी एक दुखणे आहे. पाती फार वेळ फिरवली, ट्रॅक्टर कमी वेगाने आणि रोटाव्हेटरची मागची फळी पूर्ण खाली पाडून चालवला, की माती पिठासारखी होते. डोळ्यांना छान दिसते. पेरणीनंतर एक जोराची सर आली की तीच माती वर घट्ट पापुद्रा धरते आणि सोयाबीनचा कोवळा अंकुर खाली मोडून पडतो. दुबार पेरणीचे खापर आपण बियाण्यावर आणि पावसावर फोडतो, ते पुष्कळदा खरेही असते, पण कधीतरी रोटाव्हेटरची मागची फळी किती उघडी होती तेही पाहिले पाहिजे. फळी थोडी वर घेतली आणि ट्रॅक्टर जरा वरच्या गिअरमध्ये चालवला तर लहान ढेकळे शिल्लक राहतात, आणि काळ्या रानाला पावसाळ्यापूर्वी तेवढी ढेकळे हवीच असतात. ती पावसाचा मार झेलतात आणि पाणी मुरू देतात.

रोटाव्हेटरविरुद्ध माझे भांडण नाही. भंडारा-गोंदियात किंवा कोकणात भाताच्या चिखलणीला त्याच्याइतके उपयोगी साधन कमी. उसाचे पाचट आणि हिरवळीचे खत मातीत मिसळायला तो हवाच. कपाशीची फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेले पीक, न ठेवता पऱ्हाटी वेळेत मोडायची तर कुट्टी करणारे यंत्र हवे, आणि त्यामागून रोटाव्हेटर. पण कोरडवाहू काळ्या रानात तो दरवर्षी, दोन्ही हंगामांत, एकमेव अवजार म्हणून फिरतो तेव्हा नुकसान होते. काळी माती उन्हाळ्यात स्वतः भेगाळते, तिच्यातली चिकणमाती आकसते आणि पावसात फुगते. निसर्गाने तिला मोकळे होण्याची सोय दिलेली आहे. भारी जमिनीला दरवर्षी खोल उलथण्याची गरज नसते. दोन-तीन वर्षांतून एकदा पलटी नांगर, आणि घट्ट थर सापडलाच तर तो खोलवर फोडणारा सबसॉयलर, एवढे पुरे होते.

हा सबसॉयलर सवडीच्या अवजाराचा उत्तम नमुना आहे. तो ओढायला ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, दीड-दोन फूट खोल जातो, आणि रान कडक वाळलेले असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्येच चालवायचा असतो. वाळलेला थर तडकून फुटतो. ओल्या रानात तोच फाळ नुसती चीर पाडून निघून जातो आणि डिझेलचे पैसे वाया जातात. तीन वर्षांतून एकदा, दोन महिन्यांत कधीही. सात-आठशे एकरांच्या गावाला असा एक सबसॉयलर पुरतो, कारण दरवर्षी तिसरा हिस्सा रानच घ्यायचे असते. तरी तो गावात नसतो. रोटाव्हेटर वीस असतात.

पेरणीचे तसे नाही. तिथे दोन दिवसांत उत्पन्न ठरते. महाराष्ट्रात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरवर घेतात, आणि त्यातले बहुतेक पावसाच्या भरवशावर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तो पाऊस झाला की मात्र सगळ्यांनाच एकदम पेरायचे असते. सोयाबीनचे बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पडायला हवे. त्याहून खोल गेले तर वर येत नाही, उथळ राहिले तर सुकते. तिफणीवर चाडे, म्हणजे बी सोडायचे नरसाळे, धरणाऱ्या बाईच्या मुठीत हा अंदाज होता. यंत्रावर तो कुणीतरी लावून द्यावा लागतो, आणि भाड्याच्या घाईत तो लावला जात नाही.

यंत्र रानात नेण्याआधी त्याची मोजणी कशी करायची ते इथे सविस्तर सांगतो, कारण हे काम बांधावर बसून अर्ध्या तासात होते आणि बियाण्याचे हजारो रुपये वाचवते. समजा पाच ओळींचे यंत्र आहे, ओळींतले अंतर ४५ सेंटिमीटर. म्हणजे यंत्राची कामाची रुंदी सव्वादोन मीटर. बी सोडणाऱ्या चाकाचा घेर दोरीने मोजा. समजा सव्वा मीटर भरला. यंत्र उचलून धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक २० वेळा हाताने फिरवा. म्हणजे यंत्र २५ मीटर चालल्यासारखे झाले, क्षेत्र झाले सुमारे ५६ चौरस मीटर. एकरी २८ किलो बी टाकायचे तर एवढ्या जागेत ३९० ग्रॅमच्या आसपास बी पडायला हवे. पाचही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकीत ६० आणि दुसरीत १०० ग्रॅम आले तर एक ओळ विरळ आणि एक दाट उगवणार, हे पेरण्याआधीच कळले. रानात चाक थोडे घसरते, म्हणून शेवटी थोडी वाढ धरा. हे मे महिन्यात, यंत्र स्वतःच्या ताब्यात असेल तेव्हाच जमते. जूनमध्ये मागे दहा जण थांबलेले असताना कोण पिशव्या बांधणार?

रुंद वरंबा सरी पद्धतीचे पेरणी यंत्र, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, ते तर माझ्या मते कोरडवाहू काळ्या रानाच्या छोट्या शेतकऱ्यासाठी सर्वात महत्त्वाचे अवजार आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७० च्या दशकापासून खोल काळ्या जमिनींसाठी या पद्धतीवर काम झाले. आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विभागाने ती सोयाबीनसाठी पुढे नेली, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही तिचा प्रचार केला. रुंद वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही बाजूंना सऱ्या. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते. पावसाने खंड दिला तर सरीत मुरलेली ओल वरंब्याला मिळते. बियाणेही कमी लागते. आणि ज्याकडे कुणी लक्ष देत नाही तो फायदा असा, की ट्रॅक्टरची चाके सरीतून चालतात. जिथे पीक उभे राहायचे तिथली माती चाकाखाली येतच नाही. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिके पाण्याखाली गेली. दोन वर्षांच्या अंतराने असे दोन टोकांचे हवामान ज्या शेतकऱ्याने सोसले, त्याला दोन्हीकडे थोडा आधार देणारे अवजार आधी मिळायला हवे. पूर आला तर बीबीएफ काही वाचवणार नाही, हे उघड आहे. पण चार दिवस साचलेले पाणी आणि तीन आठवड्यांचा खंड, एवढे सोसण्याची ताकद त्यातून पिकाला मिळते.

तरी बीबीएफ गावात सरसकट का दिसत नाही? कारण ते चालवणे अवघड आहे. रान समान हवे, धसकटे काढलेली हवीत, उताराला आडवे आणि किंचित ढाळ देऊन चालावे लागते, टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार जोडणारी वरची दांडी, योग्य लांबीची ठेवावी लागते, नाहीतर पुढचे फाळ रुततात आणि मागचे उचलले जातात. चालक हळू चालतो, दिवसाला कमी एकर होतात. भाड्याने चालवणाऱ्याला तोटा वाटतो आणि तो साधे पेरणी यंत्रच जोडतो. म्हणजे जे अवजार मालकाला परवडते पण भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला परवडत नाही, ते भाड्याच्या बाजारात येणारच नाही. अनुदानाची गरज नेमकी इथे आहे.

भाड्याच्या पद्धतीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खरे आहेत. भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही. मोठ्या बागायतदाराचे वीस एकर आधी, तुमचे दोन एकर नंतर. उधारी असेल तर आणखी नंतर. काम एकरी ठरलेले असते, म्हणून चालक वरच्या गिअरमध्ये पळवतो. नांगर नऊ इंचांऐवजी पाच इंच लागतो आणि तुम्ही बांधावरून बघत राहता. नांगरटीचा दर तासावर ठेवला तर चालक हळू काढतो, एकरावर ठेवला तर पळतो. यावर एकच उपाय मला दिसतो: दर एकरी, पण खोली ठरवून, आणि पहिल्या तासानंतर सळई घालून मोजून मगच पुढचे काम. नांगराच्या वेळी सीटजवळच्या हायड्रॉलिकच्या दोन लिव्हरपैकी ओढ सांभाळणारी लिव्हर वापरायची असते, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्राला उंची सांभाळणारी. कितीतरी चालक सगळ्याच कामांना एकच लिव्हर वापरतात. हे चालकाला शिकवणारी दोन दिवसांची शिबिरे यंत्राच्या अनुदानापेक्षा कितीतरी स्वस्त पडतील.

पण नीट पाहा, भाड्यावरचे हे आक्षेप सगळ्या अवजारांना सारखे लागू होत नाहीत. नांगरटीला ट्रॅक्टर आठ दिवस उशिरा आला तर काय बिघडते? काही नाही. पेरणीला तीन दिवस उशिरा आला तर हंगाम बिघडतो. कोळपणीला आठ दिवस उशिरा आला तर तण हातभर होते आणि खुरपणीला बायकांची मजुरी दुप्पट जाते. म्हणूनच पेरणी, कोळपणी, फवारणी यांची साधने घरी किंवा शेजारी हवीत. योगायोगाने ही साधने नांगर-रोटाव्हेटरच्या मानाने स्वस्त आणि हलकी आहेत. हातकोळपे, सायकल कोळपे, छोटा पॉवर वीडर, बैलजोडी अजून दारात असेल तर डवरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. ज्याच्याकडे बैल आहेत त्याने लाजून ते विकू नयेत.

लहान तुकड्याला मोठा ट्रॅक्टर का जमत नाही, याचे आणखी एक कारण मोजून दाखवतो. वीस गुंठ्यांचा तुकडा, समजा १०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. अवजार जोडलेल्या ट्रॅक्टरला वळायला दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर लागतात. लांबीने चालवला तर दहावा हिस्सा रान वळणात तुडवले जाते. भावाभावांत वाटणी होऊन तोच तुकडा आडवा पडला, चालवायची दिशा २० मीटरची झाली, तर अर्धे रान वळणाचे. वळणाच्या जागी ट्रॅक्टर चार-चार वेळा फिरतो, तिथली माती सर्वात घट्ट होते आणि तिथले पीक दरवर्षी खुजे राहते. वाटण्या करताना बांध कुठून घालायचा हे ठरवणाऱ्यांनी एवढे जरी पाहिले, तरी पुढच्या पिढीचे भले होईल. कोकणातल्या पायऱ्यांच्या खाचरांत तर पॉवर टिलरच खरा, तिथे ट्रॅक्टर नेणे हाच अट्टहास.

सामाईक मालकी आपल्याकडे टिकत नाही, भांडणे होतात, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गावांची आठवण देतो. एकेका बैलावर पैरा करून दोघांनी मिळून औत चालवणे, सावडीने पेरणे, इर्जिक घालून एका दिवसात एखाद्याचे रान नांगरून देणे, हे सगळे आपल्याच लोकांनी केलेले आहे. भांडणे तेव्हाही होत असतील. पण कुणाचे रान कधी, याचा क्रम आधीच ठरलेला असे. पाच शेजाऱ्यांनी मिळून एक बीबीएफ घेतला, पाचांचे मिळून वीस-बावीस एकर झाले, तर ते दोन-तीन दिवसांत उरकते. क्रम चिठ्ठी टाकून ठरवा आणि दरवर्षी एकेक पुढे सरकवा. यंदा पहिला असलेला पुढच्या वर्षी शेवटचा. पन्नास जणांची संस्था लागत नाही. भाड्याने अवजारे देणाऱ्या अवजार बँका कागदावर पुष्कळ निघाल्या. काही चांगल्या चालतात, आणि काही एका घराचा धंदा होऊन बसल्या, कारण क्रम आणि दर कुठेच लिहून लावलेले नव्हते.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे वगळून चालणार नाही. ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातले उपरणे, साडीचा पदर, सैल बाही त्यात अडकली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण पहिल्याच वर्षी तुटते आणि कुणी बदलत नाही. अनुदानाची तपासणी करायला येणारा माणूस यंत्राचा फोटो काढतो; त्याने आवरण आहे का हेही पाहावे, आणि भाड्याच्या यंत्रांना ते सक्तीचे करावे. रोटाव्हेटर चालू असताना मागे फळीवर मुलांना बसवणे ताबडतोब थांबले पाहिजे.

आता अनुदानाबद्दल. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत मदत आहे, प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादा ठरवून. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, बिल, तपासणी, आणि मग खात्यात अनुदान. या क्रमात एक गोष्ट दडलेली आहे: सगळी रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची. ज्याच्याकडे लाख-सव्वा लाख हाताशी असतात, त्यालाच पन्नास टक्क्यांचा लाभ घेता येतो. दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी पूर्वसंमती आलेली असूनही मुदत उलटू देतो, कारण सावकाराकडून काढलेल्या पैशाचे व्याज अनुदान येईपर्यंत चालू राहते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. रोटाव्हेटर, पलटी नांगर, सबसॉयलर, मळणी यंत्र यांचे अनुदान एकेकट्या छोट्या शेतकऱ्याला देण्याऐवजी ते भाड्याने चालवणाऱ्याला द्यावे, मग तो गट असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो वा गावातला एकटा ट्रॅक्टरवाला. त्याबदल्यात दर आणि क्रम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची आणि ठरावीक एकर अल्पभूधारकांचे करून देण्याची अट घालावी. भाड्याचा धंदा करणाऱ्याला मी कमी लेखत नाही. गावाला त्याची गरज आहे, फक्त त्याला धंदा म्हणून मदत द्यावी आणि धंदा म्हणूनच जाब विचारावा. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला दोन-तीन वर्षांतून एकदा सबसॉयलर किंवा नांगरटीच्या भाड्यात एकरी मदत द्यावी. एका रोटाव्हेटरच्या अनुदानात कितीतरी एकरांचा घट्ट थर फुटेल. पेरणी यंत्र, बीबीएफ, कोळपणी आणि फवारणीची साधने यांना मात्र दोन ते पाच शेजाऱ्यांच्या अर्जावर जास्तीत जास्त अनुदान मिळावे, आणि ते थेट विक्रेत्याला जावे, म्हणजे शेतकऱ्याने फक्त आपला हिस्सा भरायचा.

आणि तारखा. जूनमध्ये लागणाऱ्या यंत्राची पूर्वसंमती जुलैत आली तर ते यंत्र एक अख्खे वर्ष शेडमध्ये उभे राहते आणि त्या वर्षीची पेरणी पुन्हा भाड्यावरच होते. पेरणी यंत्रांचे अर्ज जानेवारीत उघडावेत, मार्चअखेर निकाली काढावेत, एप्रिलमध्ये यंत्र गावात यावे. मे महिन्यात सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने प्रत्येक गावात एक दिवस बसून सगळी पेरणी यंत्रे एका ठिकाणी बोलवावीत, नळ्यांना पिशव्या बांधून, चाक फिरवून, बी तोलून मोजणी करून द्यावी आणि यंत्रावर रंगाने खूण करावी, की एकरी २८ किलोला खटका इथे.